नोटमध्ये फक्त ‘एलबीपी’ लिहिलेलं असेल तर कोडरने काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही आठ महिन्यांपासून एका अमेरिकन ऑर्थोपेडिक क्लिनिकचे बाह्यरुग्ण चार्ट कोड करता, म्हणजे डॉक्टरांच्या नोटवरून विम्याच्या क्लेमसाठी निदानाचे कोड लावता. डॉक्टरांच्या असेसमेंटमध्ये, म्हणजे नोटमधल्या निदानाच्या ओळीत, बहुतेक वेळा ‘एलबीपी’ (लो बॅक पेन, कंबरदुखी) एवढी तीनच अक्षरं असतात, म्हणून तुम्ही एम५४.५० हा प्रकार न सांगितलेल्या कंबरदुखीचा कोड टाकता. आता ऑडिटमध्ये ‘अनस्पेसिफाइड कोडचा अतिवापर’ असा शेरा आला, एमआरआयचे काही क्लेम नाकारले गेले, आणि टीम लीडने सांगितलं की यापुढे सरसकट एम५४.५९ (‘इतर कंबरदुखी’) टाकत जा. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: ५९ टाकणं बरोबर आहे का, आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज (मणक्यांमधली चकती फुगलेली) दिसत असेल तर तिथूनच एम५१ या डिस्कच्या विकारांच्या गटातला कोड घेता येईल का.

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे. पण एवढं सांगून तुमचं ऑडिट सुधारणार नाही. तुमची खरी अडचण कोडची नाहीच. डॉक्टरांनी रुग्णाला तपासताना जे पाहिलं ते असेसमेंटच्या ओळीपर्यंत पोचत नाही, आणि तुमच्या हातात फक्त ती ओळ येते. त्यामुळे कोड बदलून काही होणार नाही, ती ओळ बदलायला हवी. ते कसं करायचं हे सांगण्याआधी कोडचा गोंधळ दूर करते.

मी या कामात आले तेव्हा आयसीडी-९ ही निदानांच्या कोडची जुनी यादी चालू होती. कंबरदुखीला ७२४.२ हा एकच कोड होता आणि कोणी जास्त विचार करत नसे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम लागू झालं आणि त्याच्या जागी एम५४.५ आला. तोही सहा वर्षं सुखाने चालला. मग १ ऑक्टोबर २०२१ ला त्याचे तीन भाग झाले: एम५४.५० म्हणजे प्रकार न सांगितलेली कंबरदुखी, एम५४.५१ म्हणजे व्हर्टेब्रोजेनिक कंबरदुखी, आणि एम५४.५९ म्हणजे इतर कंबरदुखी. जुना चार अक्षरी कोड त्या दिवसापासून क्लेमवर चालेनासा झाला. त्या आठवड्यात आमच्याकडे परत आलेल्या क्लेमचा ढीग लागला होता, कारण डॉक्टरांच्या टेम्प्लेटमध्ये जुनाच कोड बसलेला होता.

आता ‘इतर’ आणि ‘अनस्पेसिफाइड’ यांतला फरक नीट धरा, कारण तुमच्या लीडची गफलत इथेच आहे. ‘इतर’ याचा अर्थ डॉक्टरांनी प्रकार लिहिला आहे, पण वर्गीकरणात त्या प्रकाराला स्वतंत्र जागा नाही. ‘अनस्पेसिफाइड’ याचा अर्थ प्रकार लिहिलेलाच नाही. नोटमध्ये ‘मेकॅनिकल लो बॅक पेन’ असं असेल तर मी ५९ देते, कारण डॉक्टरांनी काहीतरी ठरवून सांगितलं आहे. नुसतं ‘एलबीपी’ किंवा ‘लंबेगो’ असेल तर ५०. ‘अ‍ॅक्यूट एलबीपी’ असेल तरीही ५०, कारण अ‍ॅक्यूट हा शब्द दुखणं किती जुनं ते सांगतो, ते कशाचं आहे ते सांगत नाही. नोट तीच ठेवून ५० चा ५९ केला तर कागदावर नसलेली माहिती तुम्ही क्लेमवर उभी केली असं होतं. शंभर चार्टांवर हेच केलं तर तो एक नमुना तयार होतो, आणि पेअरच्या, म्हणजे क्लेमचे पैसे देणाऱ्या विमा कंपनीच्या, ऑडिटरला नमुने शोधायलाच बसवलेलं असतं. लीडला हे स्पष्ट सांगा, शक्यतो लेखी विचारा. नोटमध्ये आधार नसलेला कोड तुमच्या नावावर जाणार असेल तर तो टाकू नका.

एम५४.५१ बद्दल एक प्रसंग सांगते. एका क्लिनिकच्या ऑडिटमध्ये मला हा कोड अचानक खूप दिसायला लागला. एक चार्ट उघडला. रुग्णाने दोन दिवसांपूर्वी जड खोकं उचललं, कंबरेत चमक भरली, तपासणीत उजव्या बाजूचे स्नायू आखडलेले, पायात काही नाही, एमआरआय झालेला नाही. आणि निदानाच्या जागी व्हर्टेब्रोजेनिक. डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की सॉफ्टवेअरच्या ड्रॉपडाउनमध्ये ‘लो बॅक पेन’ टाइप केलं की तो पर्याय आधी येत होता, आणि ‘व्हर्टेब्रोजेनिक म्हणजे मणक्याचंच ना’ असं समजून तो निवडला जात होता. प्रत्यक्षात तो शब्द मणक्याच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागातून, म्हणजे एंडप्लेटमधून येणाऱ्या वेदनेसाठी आहे. त्याला एमआरआयवर मोडिक प्रकार १ किंवा २ चे (एंडप्लेटजवळच्या हाडातले) बदल अशी पार्श्वभूमी लागते, आणि बेसिव्हर्टेब्रल नर्व्ह अ‍ॅब्लेशनसारख्या, म्हणजे मणक्यातली वेदना नेणारी नस निकामी करण्याच्या, उपचाराचा विचार चालू असताना हे निदान पुढे येतं. खोकं उचलून आखडलेल्या कंबरेचा त्याच्याशी संबंध नाही. त्या चार्टमध्ये डॉक्टरांच्या मनात स्नायूचा ताण होता, आणि त्यांनी ‘लंबर स्ट्रेन’ लिहिलं असतं तर कोड एस३९.०१२ए झाला असता.

या शेवटच्या कोडकडे नवीन कोडर दुर्लक्ष करतात. एम५४.५ च्या खाली एक्सक्लुड्स१ ची टीप आहे. कंबरेचा स्ट्रेन, डिस्क सरकल्यामुळे झालेली कंबरदुखी आणि सायटिकासकट कंबरदुखी ही तीन निदानं तिथून बाहेर काढलेली आहेत. म्हणजे एकाच दुखण्यासाठी एस३९.०१२ आणि एम५४.५० शेजारी शेजारी लावायचे नाहीत. स्ट्रेनच्या कोडचं सातवं अक्षरही भेटीच्या क्रमांकावर ठरत नाही. ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार चालू, ‘डी’ म्हणजे ते संपून बरं होण्याच्या टप्प्यातली देखभाल. तिसऱ्या भेटीतही उपचार सक्रिय असतील तर ‘ए’च राहतो. मात्र ‘खोकं उचलल्यावर दुखायला लागलं’ एवढ्या वाक्यावरून तुम्ही स्वतः स्ट्रेन ठरवायचा नाही. ते कारण झालं. निदान डॉक्टरांनीच लिहायला हवं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एमआरआय रिपोर्टचा. बाह्यरुग्ण भेटीत त्या भेटीचं निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं असतं. रेडिओलॉजिस्टच्या स्वतःच्या क्लेमसाठी त्यांच्या अंतिम रिपोर्टमधलं पक्कं निदान वापरता येतं, कारण तेही डॉक्टर आहेत आणि तो त्यांनी लावलेला अर्थ आहे. पण ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या भेटीसाठी तो बल्ज उचलून एम५१.२६ लावला तर या रुग्णाची कंबर त्या बल्जमुळेच दुखते असा निर्णय तुम्ही घेतलात. तो निर्णय सोपा नाही. २०१५ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत आलेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहिले होते. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या सुमारे ८४ टक्के लोकांत डिस्क बल्ज दिसला. म्हणजे बल्ज दिसणं आणि बल्ज दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या जोडायचा अधिकार रुग्णाला हात लावून तपासणाऱ्याचा आहे.

हाच नियम ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ या शब्दांनाही आहे. बाह्यरुग्ण कोडिंगमध्ये ‘रूल आउट डिस्क हर्निएशन’ (चकती सरकून बाहेर आलेली नाही ना ते पाहणं) असेल तर हर्निएशन कोड होत नाही, त्या दिवशी पक्कं जे आहे तेवढंच होतं, म्हणजे बहुधा लक्षण. रुग्णालयात दाखल रुग्णाच्या डिस्चार्जला नियम उलटा आहे, म्हणून इनपेशंटकडून आलेले सहकारी इथे हमखास अडखळतात.

पायात जाणाऱ्या कळेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या क्लिनिकमध्ये सगळ्यात जास्त माहिती इथेच वाया जात असणार. ‘रेडिएटिंग टू लेग’, ‘सायटिका’ आणि ‘रॅडिक्युलोपथी’ (मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाचा त्रास) हे शब्द गप्पांमध्ये एकमेकांच्या जागी वापरतात, पण कोडिंगमध्ये तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. कळ पायात जाते एवढंच असेल तर सायटिका गृहीत धरता येत नाही. डॉक्टरांनी कंबरदुखी आणि सायटिका दोन्ही लिहिलं तर एम५४.४१ उजवी बाजू, एम५४.४२ डावी, आणि बाजू लिहिलीच नसेल तर एम५४.४०. कंबरदुखीशिवाय नुसती सायटिका असेल तर एम५४.३ चा गट. लंबर रॅडिक्युलोपथी लिहिली आणि तिचं कारण दिलं नाही तर एम५४.१६. आणि रॅडिक्युलोपथी किंवा सायटिका डिस्कमुळे आहे असं डॉक्टरांनी जोडून लिहिलं की हे सगळे बाजूला होतात आणि एम५१.१६ येतो. डिस्क एल५-एस१ ची असेल तर एम५१.१७, कारण तो भाग लंबोसॅक्रल, म्हणजे कंबर आणि तिच्याखालचं त्रिकास्थी यांच्या जोडाचा, धरला जातो. ‘ड्यू टू’ या दोन शब्दांनी एका लक्षणाचं निदान होतं.

एक नेहमीसारखा चार्ट घ्या. इतिहासात लिहिलंय: दहा आठवडे दुखतंय, डाव्या नडगीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत मुंग्या. तपासणीत: डावा पाय सरळ उचलताना ४० अंशांवर कळ, डावा अंगठा वर उचलायची ताकद कमी. आधीच्या एमआरआयमध्ये एल४-एल५ ला डावीकडे हर्निएशन. सहा आठवडे फिजिओथेरपी झाली, फरक नाही. आणि या सगळ्याच्या शेवटी असेसमेंट: ‘एलबीपी. इंजेक्शनचा विचार.’ हे वाचून कोणत्याही अनुभवी कोडरला डॉक्टरांच्या मनात काय आहे ते कळतं. पण कळलं म्हणून लिहायचं नसतं. अशा वेळी मी क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा, पाठवते, आणि ती साधारण अशी असते:

‘अमुक तारखेच्या नोटमध्ये डाव्या पायात अंगठ्यापर्यंत मुंग्या, ४० अंशांवर पाय उचलताना कळ, अंगठ्याची कमी ताकद आणि एमआरआयमधलं एल४-एल५ हर्निएशन नोंदलेलं आहे. असेसमेंटमध्ये एलबीपी आहे. तुमच्या वैद्यकीय मतानुसार या निष्कर्षांना अनुरूप निदान कृपया स्पष्ट करावं: डिस्कच्या विकारामुळे लंबर रॅडिक्युलोपथी; लंबर रॅडिक्युलोपथी, कारण अनिश्चित; सायटिकासह कंबरदुखी; पायातल्या लक्षणांशी संबंध नसलेली कंबरदुखी; इतर; सांगता येत नाही.’

यात तीन गोष्टी मुद्दाम पाळल्या आहेत. पुरावा डॉक्टरांच्याच नोटमधला आहे. पर्यायांत ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ दोन्ही आहेत. आणि पैशांचा, क्लेमचा, नकाराचा एक शब्दही नाही. ‘हे रॅडिक्युलोपथी आहे ना? मग क्लेम पास होईल’ अशी क्वेरी पाठवली तर ती उत्तर सुचवणारी ठरते, आणि तिच्यावर मिळालेलं उत्तर ऑडिटमध्ये टिकत नाही. वरच्या क्वेरीला पहिल्या पर्यायाचं उत्तर आलं तर कोड एम५१.१६ होईल. त्या कोडमध्ये डाव्या-उजव्याला जागा नाही, तरी डॉक्टरांनी बाजू लिहावीच, कारण इंजेक्शनची पूर्वपरवानगी देणारा माणूस कोडबरोबर नोटही वाचतो.

‘डीडीडी’ म्हणजे डिस्कची झीज, तिचाही बदल लक्षात असू द्या. एम५१.३६ हा कोड १ ऑक्टोबर २०२४ पासून सहा अक्षरी झाला. आता झीज आणि फक्त कंबर दुखते का (एम५१.३६०), फक्त पाय दुखतो का (एम५१.३६१), दोन्ही का (एम५१.३६२), की दुखण्याचा उल्लेखच नाही (एम५१.३६९) हे सांगावं लागतं. लंबोसॅक्रल भागासाठी एम५१.३७ खाली तसेच चार आहेत. डॉक्टरांनी कंबरदुखी झिजेशी जोडली असेल तर दुखणं त्या कोडमध्येच आलं, वेगळा एम५४.५० लावायचा नाही. स्पायनल स्टेनोसिसलाही (मणक्यातली नळी अरुंद होणं) असाच प्रश्न असतो. चालताना पाय भरून येतात का, म्हणजे न्यूरोजेनिक क्लॉडिकेशन आहे का, हे लिहिलं असेल तर एम४८.०६२, नसेल तर एम४८.०६१.

जुनाट वेदनेचे जी८९ मधले कोड जपून वापरा. किती महिन्यांनी वेदना जुनाट म्हणायची याची मुदत कोडिंगच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दिलेली नाही, डॉक्टर ‘क्रॉनिक’ म्हणतील तेव्हाच ती क्रॉनिक. भेट वेदना आटोक्यात आणण्यासाठीच असेल तर जी८९.२९ आधी आणि कंबरेचा कोड नंतर. भेट इतर कारणासाठी असून मूळ निदान पक्कं झालेलं नसेल तर क्रम उलटा. मूळ निदान पक्कं असेल आणि भेट त्याच्या उपचारासाठी असेल तर जी८९ लागतच नाही.

आता नाकारलेल्या एमआरआयकडे येते. इथे परिस्थितीनुसार बरंच बदलतं: पेअर कोण, त्याचं धोरण काय, कामावर झालेली दुखापत आहे का, तुमच्या करारात तुम्हाला डॉक्टरांना थेट क्वेरी पाठवता येते का. पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी आहे. साध्या, नव्या कंबरदुखीला लगेच स्कॅन करू नये हा वैद्यकीय सल्ला आहे. अमेरिकेतल्या हेडिस या आरोग्य विमा योजनांच्या गुणवत्ता मोजणीत तर निदानानंतर २८ दिवसांत विनाकारण इमेजिंग झालं का हेच पाहतात. तेव्हा नव्या दुखण्यावर एम५४.५० लावलेला एमआरआय नाकारला गेला, तर कोड चुकलाच असं समजू नका. कदाचित कोड अगदी बरोबर असेल आणि स्कॅनची घाई झाली असेल. ते कोडने झाकता येत नाही आणि झाकू नये.

उलट, स्कॅनला खरंच कारण होतं आणि ते क्लेमवर आलंच नाही, असंही होतं. रुग्णाला पूर्वी कर्करोग झाला होता (झेड८५ चा गट), वजन विनाकारण उतरलं आहे (आर६३.४), तो बराच काळ स्टेरॉइड घेतो आहे (झेड७९.५२), किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटून डॉक्टरांनी कॉडा इक्वायना सिंड्रोम, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांवरचा दाब, लिहिलं आहे (जी८३.४). असलं काही नोटमध्ये असेल तर ते कोड होऊन स्कॅनच्या ओळीशी जोडलं गेलं पाहिजे. सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मवर बारा निदानं बसतात, पण सेवेच्या एका ओळीला चारच जोडता येतात. मी पाहिलेल्या कितीतरी नकारांत योग्य कोड वर लिहिलेला होता, फक्त एमआरआयच्या ओळीला तो जोडलेला नव्हता. हे आधी तपासा, पाच मिनिटांचं काम आहे.

ऑडिटच्या शेऱ्याला उत्तर द्यायचं तर मी असं करते. गेल्या महिन्यातले एम५४.५० लावलेले वीस चार्ट काढा आणि तीन गठ्ठे करा. पहिल्यात असे चार्ट ज्यात डॉक्टरांनी नेमकं निदान नोटमध्ये कुठेतरी स्वतःचं म्हणून लिहिलं होतं आणि तुमच्या नजरेतून सुटलं. ही तुमची चूक, ती मान्य करून दुरुस्त करा. रुग्णाने सांगितलेलं ‘मला सायटिका आहे’ हे यात धरू नका, ते डॉक्टरांचं निदान नाही. दुसऱ्यात वरच्या उदाहरणासारखे, खुणा भरपूर पण निदान नाही; हे क्वेरीचे. तिसऱ्यात खरोखरच काही नाही: पहिली भेट, तीन दिवसांचं दुखणं, मज्जातंतूंची तपासणी सामान्य. या तिसऱ्या गठ्ठ्यासाठी एम५४.५० हाच प्रामाणिक कोड आहे. त्या दिवशी तेवढंच माहीत असेल तर अनस्पेसिफाइड कोड वापरायला मार्गदर्शक तत्त्वांचीही परवानगी आहे. ऑडिटरला हा गठ्ठा दाखवून ठामपणे बोला.

दुसऱ्या गठ्ठ्यातली तीन-चार उदाहरणं घेऊन डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलता आलं तर फार बरं. त्यांना कोड सांगू नका, त्यांना ते नको असतात. एवढंच सांगा की असेसमेंटच्या ओळीत दुखणं कशामुळे आहे, पायात जातं का, कोणत्या बाजूला, किती दिवसांपासून, आतापर्यंत काय करून झालं आणि रुग्णाला काय जमत नाही हे येऊ दे. वीस सेकंदांचं लेखन आहे, आणि बहुतेक डॉक्टरांना ते आवडतं, कारण पुढच्या भेटीत त्यांनाच ती ओळ उपयोगी पडते. फिजिओथेरपीचे क्लेम तर बऱ्याचदा शेवटच्या मुद्द्यावरच अडतात. ‘वेदना १० पैकी ७’ यापेक्षा ‘पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही’ हे वाक्य तिथे जास्त काम करतं.

आणि जुन्या चार्टांबद्दल: क्वेरीचं उत्तर आलं की मूळ नोट उघडून त्यात शब्द घालू देऊ नका. डॉक्टरांनी वेगळी पूरक नोंद करावी, तिच्यावर ज्या दिवशी लिहिली त्याच दिवसाची तारीख आणि त्यांची सही असावी, आणि मगच दुरुस्त क्लेम पुनर्सादर कोड ७ (जुन्या क्लेमच्या जागी नवा) लावून पाठवावा. क्लेमची मुदत पेअरनुसार वेगवेगळी असते, म्हणून वीसपैकी सर्वांत जुने चार्ट आधी घ्या. तीन गठ्ठ्यांपैकी सर्वांत मोठा कोणता निघाला ते मला कळवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.